साखळी नसलेला ग्लास

आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, आजवर रांजणावरचे तीन ग्लास गेले. पहिला स्टीलचा, चार दिवसांत गेला. दुसऱ्या ॲल्युमिनियमच्या ग्लासाने दोन आठवडे तग धरला. तिसरा प्लास्टिकचा होता, कडेला चिरलेला. तो नेऊन कुणी काय केलं असेल, हे मला अजून उमगलेलं नाही. बायकोने तेव्हापासून एकच धोशा लावलाय, "अहो, साखळी आणा."

आमचा रांजण जळगावात, घराच्या फाटकाबाहेर निंबाखाली असतो. खाली वाळू, अंगाला ओलं पोतं, वर लाकडी झाकण. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे सरकला की बारा ते चार गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. फिरतात ती पोटामागे लागलेली माणसं. तोंडाला रुमाल बांधलेला कुरिअरचा पोरगा, भंगारवाला, केळीची लोटगाडी ढकलत येणारी मावशी. मावशी आधी गाडीच्या चाकाला दगड लावते, मग दोन ग्लास पाणी सलग पिते, तिसऱ्यातलं अर्धं पदरावर ओतून तोच पदर डोक्यावर घेते आणि जाताना सांगते, "पानी गार शे भाऊ." एकतीस वर्षं पोरांचे पेपर तपासले, पण स्वतःला असा शेरा मिळाल्यावर काय वाटतं ते आत्ता कळतंय.

पाणी गार असतं यात माझं कर्तृत्व काही नाही. रांजणाच्या भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी पाझरतं आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून ओढली जाते. मुंबईच्या दमट हवेत हेच काम रडतखडत चालतं. आमच्याकडच्या कोरड्या झळा माणसाला भाजतात, पण रांजणाला मात्र त्या मानवतात. हे सगळं वर्गात शिकवलेला मी, पहिल्या वर्षी बाजारातून ऑईलपेंटची नक्षी काढलेला देखणा माठ घेऊन आलो! छिद्रंच बुजलेली, पाणी चहाला चालेल इतकं कोमट. तो माठ सध्या गच्चीवर तुळस सांभाळतो. पुढच्या वर्षी साधा रांजण आणला. बोअरचं क्षाराचं पाणी भरून त्याचीही छिद्रं हळूहळू बुजतात, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी नवा आणावा लागतो.

शेजारचे नाना माळकरी. आषाढी चुकवत नाहीत. एकदा ओट्यावर बसून त्यांनी सरळच विचारलं, "सर, तुम्ही देव मानत नाही, पुण्य मानत नाही. मग हा उपद्व्याप कशासाठी?"

माझ्याकडे मोठं उत्तर तयार होतं. आमच्याच खानदेशातले, 1901 साली साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला जन्मलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वाईला जाऊन वेद आणि शास्त्रं शिकलेला हा माणूस पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाकडे गेला. चांगलं काय, वाईट काय, हे ठरवायला वरच्याची परवानगी लागत नाही, माणसाला स्वतःची बुद्धी आणि दुसऱ्याचं दुःख कळण्याची शक्ती पुरते, असं मी नानांना पंधरा मिनिटं समजावलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते झालं बरोबर. पण आज रांजण कोणी भरला?"

त्यांनीच भरला होता. त्या आठवड्यात माझी कंबर धरली होती, आणि पहाटे पाचला त्यांच्या बादलीचा आवाज मी अंथरुणातून ऐकला होता. हल्ली आम्ही एकाआड एक दिवस भरतो. त्यांच्या पाण्याचं पुण्य होतं, माझ्या पाण्याचं होत नाही. मावशीला अजून चवीत फरक जाणवलेला नाही.

नानांशी माझं खरं जमलं ते दुसऱ्याच एका गोष्टीवरून. माझे वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावच्या पाणपोईवर काहींना तांब्या हातात मिळे आणि काहींच्या ओंजळीत पत्र्याच्या पन्हाळीतून लांबूनच धार सोडली जाई. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं ते ओंजळभर पाण्यासाठी. आणि 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी, ज्यांनी आमच्या अमळनेरच्या शाळेत पोरांना शिकवलं, पंढरपूरला उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून. मला देवळात जायचं नसतं, तरी त्या उपोषणापुढे मान झुकते. त्यांचं भांडण दाराबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी होतं. हे मी बोललो तेव्हा नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या दिंडीत आता सगळे एकाच पंगतीत बसतात सर. माझ्या आजाला हे खपलं नसतं."

माझंही सगळं सरळ आहे असं नाही. आखाजीला आई पितरांच्या नावाने घागर भरायची, वर छोटं मातीचं भांडं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज. वडील येऊन ते पाणी पितात असं मला वाटत नाही. तरीही रांजण मांडायचा तो आखाजीलाच, चार दिवस आधी उन्हाने जीव नकोसा केला तरी. का, ते नानांनी अजून विचारलेलं नाही म्हणून बरं.

शिवाय हा मानवतावाद पहाटे पाचला सोपा असतो. दुपारी अडीचला, नुकता डोळा लागलेला असताना, "ओ काका, ग्लास नाहीये" म्हणून कुणी फाटक बडवलं की त्याची परीक्षा होते. मागच्या आठवड्यात एकाने रांजणातलं पाणी घेऊन आरामात स्कूटर धुतली. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते तर्कतीर्थांच्या कुठल्याही व्याख्यानात बसलं नसतं. संध्याकाळपर्यंत माझंच मला ओशाळल्यासारखं झालं. स्कूटर मात्र स्वच्छ निघाली होती.

साखळीचं म्हणाल तर मी परवा दुकानापर्यंत गेलो होतो. दुकानदाराने मीटरचा भाव सांगितला, मी साखळी हातात घेऊन पाहिली, आणि खिळे घेऊन परत आलो. नऊ जणांना ग्लासभर पाणी दिलं आणि दहावा माणूस ग्लास घेऊन गेला, तर त्या दहाव्यासाठी नवांच्या हाताशी साखळी खुळखुळवायची, हे काही मनाला पटेना. बायको म्हणाली, "मग खिळे कशाला आणले?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काल पहाटे माझी पाळी होती. झाकणावर एक ग्लास उपडा ठेवलेला दिसला. जुना, जड, पितळेचा, चिंचेने घासून लख्ख केलेला. आमचा नाही, नानांचाही नाही, आणि गल्लीत चौकशी केली तर कुणाचाच नाही. लग्नात भांड्यांवर नावं घालतात तसं काहीतरी त्यावर कोरलेलं होतं. चष्मा लावून उजेडात धरला. नाव घासून घासून पार गेलंय, खालची ओळ तेवढी वाचता येते : यांजकडून सप्रेम भेट.

बायको म्हणते, याला तरी साखळी लावा.