पोटातल्या एनके पेशी आणि थांबवलेली केमोथेरपी

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचा मुलगा दुसऱ्या मतासाठी पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतींचा तुकडा), त्याच्या कापांच्या काचा आणि एक रिपोर्ट घेऊन माझ्या लॅबमध्ये आला, तेव्हा त्याच्या आईची केमोथेरपी पुढच्याच आठवड्यात सुरू होणार होती. रिपोर्टात 'जठराचा हाय ग्रेड टी-सेल लिम्फोमा', म्हणजे टी-पेशी या पांढऱ्या पेशींचा वेगाने वाढणारा कर्करोग, असे लिहिलेले होते आणि सोबतच्या फॉर्मवर आजाराची माहिती म्हणून 'पोटदुखी' एवढा एकच शब्द होता. हा फॉर्म नीट भरायला एक मिनिट लागते. ते मिनिट आपल्याकडचे निम्मे डॉक्टर देत नाहीत आणि मग पॅथॉलॉजिस्टने काचेतून रोगी ओळखावा अशी अपेक्षा ठेवतात. मुलाकडूनच कळले की बाईंना फक्त जळजळ होत होती, वजन घटलेले नव्हते, ताप नव्हता, सीटी स्कॅनमध्ये गाठी नव्हत्या. एंडोस्कोपीच्या फोटोंत जठरात तीन-चार लालसर, किंचित उंचावलेले, एक सेंटिमीटरहून लहान चट्टे होते, त्यांवर उथळ व्रण. इतका आक्रमक लिम्फोमा आणि इतका शांत रोगी, हे जुळत नव्हते.

काच पाहिल्यावर मात्र पहिल्या लॅबला तसे का वाटले असेल ते समजले. जठराच्या अस्तरात मध्यम ते मोठ्या आकाराच्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी दाटीवाटीने भरल्या होत्या. पण त्या अस्तरापुरत्याच थांबल्या होत्या. ग्रंथींना त्यांनी बाजूला सारले होते, त्यांच्यात फारशा शिरल्या नव्हत्या. रक्तवाहिन्यांच्या भिंती शाबूत होत्या. नेझल प्रकारचा एनके/टी-सेल लिम्फोमा, म्हणजे बहुधा नाकात सुरू होणारा आक्रमक कर्करोग असता, तर त्या भिंती पोखरलेल्या आणि आजूबाजूचा ऊतींचा भाग मेलेला दिसण्याची शक्यता मोठी होती.

खरी गफलत सीडी३ या डागाने, म्हणजे पेशींवरचा ठरावीक रेणू रंगवून दाखवणाऱ्या चाचणीने, केली होती. सीडी३ म्हणजे टी-पेशींची खूण, असे आम्ही सगळे विद्यार्थीदशेपासून घोकत आलो आहोत. परंतु एनके (नॅचरल किलर) या पांढऱ्या पेशींच्या, टी-पेशींच्या भावंडांच्या, पृष्ठभागावर हा संपूर्ण रेणू नसला, तरी त्याची एप्सिलॉन साखळी त्यांच्या पेशीद्रव्यात असू शकते, आणि नेहमीच्या वापरातला अँटिबॉडी तिलाही रंगवतो. म्हणून मी पुढचे डाग लावले. सीडी५६ ठळक पॉझिटिव्ह, सीडी७, टीआयए-१ आणि ग्रॅन्झाइम बी पॉझिटिव्ह. सीडी५, सीडी४ आणि सीडी८ निगेटिव्ह. म्हणजे हा नमुना टी-पेशींचा नव्हे, एनके पेशींचा होता. सीडी५६ पॉझिटिव्ह असणारा आतड्याचा एक घातक टी-सेल लिम्फोमाही आहे, पण तो सहसा सीडी८ पॉझिटिव्ह असतो आणि उपकलेत, म्हणजे अस्तराच्या वरच्या पेशीथरात, घुसतो. इथे तसे काही नव्हते.

उरला प्रश्न एपस्टाइन-बार विषाणूचा. नेझल प्रकारात हा विषाणू गाठीच्या पेशींत जवळजवळ नेहमी सापडतो. पहिल्या लॅबने एलएमपी-१ हा विषाणूचे एक प्रथिन दाखवणारा डाग लावून तो निगेटिव्ह म्हणून विषय मिटवला होता. नेझल प्रकार वगळण्यासाठी त्या डागावर विसंबणे धोक्याचे, कारण विषाणू असूनही तो निगेटिव्ह येऊ शकतो. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणीही निरुपयोगी, कारण बहुतेक प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. हवी होती ती ईबर चाचणी, जी पेशींच्या केंद्रकातला विषाणूचा आरएनए दाखवते, आणि ती मुंबईला करून घ्यावी लागणार होती. मे महिना होता. आमच्या उन्हात उभ्या असलेल्या कुरिअरच्या गाडीत मेणाचा ब्लॉक पाठवायला मी धजत नाही. मुलगा स्वतः रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ब्लॉक घेऊन गेला. सोबतच्या चिठ्ठीत मी आरएनए टिकला आहे की नाही, हे दाखवणारा कंट्रोलही लावण्याचा आग्रह धरला, कारण त्याशिवाय निगेटिव्ह उत्तराला काडीचीही किंमत नसते. कंट्रोल पॉझिटिव्ह आला, ईबर निगेटिव्ह. म्हणजे हा लिम्फोमा नव्हे, तर त्याच्यासारखा दिसणारा, एनके पेशींचा मंदगती विकार होता.

दरम्यान कर्करोगतज्ज्ञांचे फोन येत होते. "मॅडम, योजनेची मंजुरी आली आहे, तारीख निघून जाईल," असे ते म्हणाले, आणि त्यांचे चूक नव्हते. एकदा हुकलेली मंजुरी पुन्हा मिळवताना गरीब कुटुंबाची काय दमछाक होते, हे मलाही ठाऊक आहे. मी त्यांना २०१० मधला जपानमधील १० रुग्णांचा आणि २०११ मधला 'एनके-सेल एंटेरोपॅथी' हे नाव देणारा ८ रुग्णांचा, असे याच विकारावरचे दोन शोधनिबंध पाठवले. दुसऱ्यातील तिघांना आधी लिम्फोमा समजून जबर केमोथेरपी दिली गेली होती, दोघांचे तर स्वतःच्याच पेशींचे प्रत्यारोपणही झाले होते. केमोथेरपी न घेतलेल्यांसह आठांपैकी कोणाचाही आजार पुढे बळावला नव्हता. त्यांनी निबंध वाचले आणि तारीख रद्द केली. दुसऱ्याच्या रिपोर्टखातर स्वतःचा ठरलेला उपचार थांबवणारे डॉक्टर मी फार पाहिलेले नाहीत.

बाई भेटायला आल्या, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "मग कॅन्सर नाही ना, मॅडम?" मी त्यांना सांगितले, "अक्का, केमोची गरज नाही. पण वर्षभर एंडोस्कोपी करत राहायची, ती चुकवायची नाही." याहून सरळ उत्तर मला देता आले नाही, आणि तेच अजून डोक्यात घोळते आहे. २०१९ मध्ये अशा १० रुग्णांपैकी तिघांच्या पेशींत जेएके३ या जनुकातला अगदी तोच बदल सापडला. एकाच पेशीपासून वाढलेल्या वंशाची ती खूण आहे, म्हणजे याला निव्वळ दाह म्हणून सोडून देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणाने त्याला पचनमार्गातील मंदगती एनके-पेशी विकार म्हणून जागा दिली आहे.

पुढच्या एंडोस्कोपीत जुने चट्टे औषधाविना विरले होते आणि जठरातच दुसरीकडे एक नवा उगवला होता, तोही ईबर निगेटिव्ह. या आजारात हे अपेक्षितच असले, तरी नवा चट्टा पाहून मुलगा हादरला आणि केमो खरेच नको ना, असे त्याने पुन्हा विचारले. आता रिपोर्टाच्या शेवटी मी ठळक अक्षरांत एक ओळ घालते: ईबर तपासल्याशिवाय या रुग्णाला लिम्फोमाचा उपचार सुरू करू नये.