जुना डिशचा बॉक्स, दादाचा बंद नंबर आणि ओटीपी

माळ्यावर पडलेला जुना सेट टॉप बॉक्स परत सुरू करायचा विचार असेल, तर स्टूल घ्यायच्या आधी एक गोष्ट शोधा: ते कनेक्शन कुठल्या मोबाईल नंबरवर नोंदवलंय आणि तो नंबर आज कुणाच्या खिशात आहे. छत्री, केबल, पिना हे सगळं एका रविवारी उरकतं. नंबरचं उरकत नाही. माझा राग अजून पुरता उतरलेला नाही, त्यामुळे हे लिखाण त्या नंबरापाशीच जास्त घुटमळणार आहे.

आई नाशिकच्या सिडकोत राहते, मी गंगापूर रोडला. तिच्याकडे स्मार्ट टीव्ही आहे, वायफायवर चालायचा. सिंहस्थ २०२७चा, पण कामं आधीपासूनच निघालीत. गल्ली खोदली गेली, इंटरनेटची वायर तुटली आणि ‘उद्या जोडतो’ म्हणणाऱ्याने फोन उचलणं सोडलं. आईला खरं तर याचं फार वाईट वाटलं नाही. लावल्या लावल्या ‘कोण बघतंय?’ असं विचारणारा टीव्ही तिला मुळातच पसंत नव्हता. “मीच बघतेय, दुसरं आहे कोण घरात,” हे ती त्याला रोज ऐकवायची. तिला रिमोटवर नंबर दाबला की सह्याद्री लागायला हवं होतं, एवढंच. म्हणून दादाने नाशिकला असताना बसवलेली डिश परत सुरू करायचं ठरलं. छत्री गच्चीवर तशीच होती, बॉक्स माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाशेजारी.

बॉक्सचा ॲडॉप्टर तपासला, १२ व्होल्टचा, लावला, लाल दिवा लागला. जुन्या बॉक्सला मागे पिवळी-लाल-पांढरी अशी तीन भोकं आणि नव्या टीव्हीला मात्र हेडफोनसारखं एकच बारीक भोक. त्याची वायर एमजी रोडला मिळते. पण दुकानदार काहीही म्हणो, या वायरी सगळ्या सारख्या नसतात. आतली जोडणी वेगळी असली तर चित्र येत नाही, नुसती घरघर ऐकू येते. तेव्हा वायर बदलायला धावू नका. पिवळी पिन लालच्या जागी लावून बघा, नाहीतर पांढऱ्याच्या जागी. आमचं चित्र लालमधून आलं.

गच्चीवरचं काम मात्र नीट सांगते, कारण ‘माणूस पाठवतो’ म्हणत लोक याचेच पैसे घेतात. छत्रीच्या पुढे दांडीवर जे तोंड असतं, त्या एलएनबीला जोडलेली केबलची पिन काढली तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं त्यातून झिरपत होतं. बोटभर केबल कापून टाकली, वरचं काळं साल सोललं. आत जाळी असते बारीक तारांची, ती मागे सालावर दुमडायची, मग पांढरं आवरण सोलायचं आणि मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहील अशी पिन पिळत बसवायची. जाळीतला केसाएवढा धागाही मधल्या तारेला टेकता कामा नये. टेकला की शॉर्ट. एलएनबीला वीज याच केबलमधून जाते, बॉक्सच १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवत असतो, म्हणून पिनांना हात लावण्याआधी बॉक्सचं बटण भिंतीतून बंद करा. पिनेवर चिकटपट्टी गुंडाळा आणि केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी पिनेकडे न येता झोळावरून ठिबकतं.

सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’ भरपूर दिसते म्हणून खूश होऊ नका. छत्री भलतीकडे असली तरी ती दिसू शकते. बघायची ती ‘क्वालिटी’. आमची शून्य होती. टाकी धुणारे छत्रीला धरून वर चढत असावेत, ती जराशी फिरली होती. शेजारच्या मुलाला खाली टीव्हीसमोर बसवलं, फोन चालू ठेवला आणि नट किंचित सैल करून छत्री हलवत गेले. “शून्य… शून्य… मावशी, शून्यच… बावन्न!” लगेच आवळली. नाशिक साधारण ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपल्याकडच्या डीटीएचचे उपग्रह त्याच्या बरेच पूर्वेला, विषुववृत्तावर. त्यामुळे छत्रीचं तोंड आग्नेयेच्या बाजूलाच असतं. मोबाईलमधलं होकायंत्र छत्रीजवळ धरू नका, लोखंडापाशी ते भरकटतं. चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्या.

वाहिनी नाही, पण पडद्यावर पाटी आली: खातं बंद आहे, रिचार्ज करा. मला वाटलं, झालं काम.

रिचार्ज करायला गेले तर खातं ‘निष्क्रिय’, आधी कस्टमर केअरला फोन करा. फोन केला. मराठीसाठी अमुक दाबा, दाबलं. “कृपया आपल्या नोंदणीकृत मोबाईल क्रमांकावरून कॉल करा,” आणि कट. नोंदणीकृत क्रमांक दादाचा. दादा बंगळुरूला गेला तेव्हाच त्याने तो सोडला. बॉक्सच्या बुडाशी स्टिकर असतो, त्यावर बॉक्सचा नंबर. आत सरकवलेल्या कार्डावर कार्डाचा नंबर. ते दोन्ही घेऊन, बरीच बटणं दाबून, बरंच संगीत ऐकून शेवटी माणूस मिळाला. अतिशय गोड बोलणारा. नाव बरोबर, पत्ता बरोबर, कार्ड बरोबर. “मॅडम, फक्त एक ओटीपी पाठवतोय, तो सांगा.” कुठे पाठवताय? “आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर.” तो बंद आहे हो, तोच बदलायचा आहे. “हो मॅडम, बदलून देतो. त्यासाठी ओटीपी लागेल.”

मी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी फोन केले. दर वेळी नवा माणूस, तोच गोडवा, तोच ओटीपी. दादाला कॉन्फरन्सवर घेतलं. खातेदार स्वतः बोलतोय, जन्मतारीख सांगतोय, जुना पत्ता सांगतोय. “सर, तुमची ओळख पटली. आता ओटीपी सांगा.” दादा मला म्हणाला, “जाऊ दे ना, नवीन घे.” सिडकोतला विक्रेताही तेच म्हणाला, “ताई, नव्या कनेक्शनला नवा बॉक्स, बसवून देतो, जुन्याच्या नादाला कशाला लागता?” त्याला नव्यावर चार पैसे सुटतात, त्याचं त्याच्या जागी बरोबर असेल. पण धडधाकट बॉक्स, धडधाकट छत्री, स्वतःच्या हाताने बसवलेली पिन, आणि एका आकड्यापायी ते भंगारात? मी हट्टाला पेटले.

मग म्हटलं, त्या नंबरावरच फोन करून बघू. रिंग गेली! बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, पण इथे वर्षं उलटलेली. उचलला सिन्नरकडच्या एका गृहस्थांनी, मागे ट्रॅक्टरचा आवाज. मी सगळी कहाणी सांगितली. अगदी नम्रपणे सांगितली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “ताई, तुम्ही खऱ्या असाल. पण ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे आम्हाला बँकवाल्यांनी शिकवलंय. आणि असंच गोड बोलून मागतात.” मी म्हटलं, हा बँकेचा नाही, डिशचा आहे. “सगळे असंच म्हणतात.” आणि फोन ठेवला. सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं वागलेला हा एकच माणूस, आणि माझं काम अडलं ते त्याच्यापाशी. त्यांना नंतर त्रास दिला नाही. तुम्हीही देऊ नका.

ईमेल केला. उत्तर आलं, आपल्या नोंदणीकृत ईमेलवरून लिहा. नोंदणीकृत ईमेल दादाच्या जुन्या ऑफिसचा! ती नोकरी सोडून तर जमाना झाला. त्या संध्याकाळी मी आईच्या घरी जेवले नाही, इतकी चिडले होते. आई म्हणाली, “राहू दे, मी रेडिओ ऐकते.” त्याने तर आणखीच झोंबलं.

वाट निघाली ती अशी. ट्राय म्हणजे फोन आणि डीटीएच कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या २०१७च्या नियमांप्रमाणे डीटीएच कंपनीला प्रत्येक राज्यासाठी नोडल अधिकारी, म्हणजे कस्टमर केअरच्या वर तक्रार ऐकणारा माणूस, नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता, ईमेल संकेतस्थळावर द्यावा लागतो. देतात, पण अशा कोपऱ्यात की भिंग घेऊन शोधावं. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात बघा. त्याआधी साध्या तक्रारीचा डॉकेट नंबर हातात हवा, नाहीतर नोडलवाले परत खाली ढकलतात. कस्टमर केअरचा माणूस तो आपणहून सांगेलच असं नाही. फोन ठेवायच्या आधी “डॉकेट नंबर द्या” असं स्पष्ट म्हणा आणि तारखेसकट वहीत लिहा. मी सगळे लिहिले होते, चिडून का होईना, पण लिहिले होते, आणि तेच कामाला आले.

पत्रासोबत काय जोडलं तेही सांगते: दादाचा सही केलेला अर्ज, की माझा जुना क्रमांक बंद असून खात्यावर बहिणीचा क्रमांक व ईमेल नोंदवावा, त्याच्या आधारची मास्क केलेली प्रत, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसतात ती, ती आधारच्या संकेतस्थळावरूनच उतरवता येते, आईच्या घराचं वीजबिल, बॉक्सच्या बुडाचा आणि कार्डाचा फोटो, आणि सगळ्या डॉकेट नंबरांची यादी. मजकुरात एकच वाक्य जाड अक्षरात टाकलं: ‘ओटीपी जुन्या क्रमांकावर पाठवू नये, तो क्रमांक आता तिऱ्हाईत व्यक्तीकडे आहे.’ माझ्या मते काम झालं ते या वाक्याने. आपल्या ग्राहकाचा ओटीपी सिन्नरच्या शेतात जातोय हे कागदावर आल्यावर कुणाला तरी घाम फुटला असणार. एका बाईंचा फोन आला. दादाशी बोलल्या, अर्जावरची सही विचारली आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर आला. मी तो सांगितला तेव्हा आवाज चढलाच होता माझा.

पुढे रिचार्ज लगेच झाला, पण चित्र लगेच येत नाही, घाबरू नका. बॉक्स सुरू करण्याचा हुकूम फोनवरून नाही, उपग्रहावरूनच येतो आणि तो येताना बॉक्स जागा लागतो. स्टँडबायवर नको. त्यांनी सांगितलेल्या वाहिनीवर चालू ठेवा, मधे रिमोटशी खेळू नका. कार्ड बरेच दिवस झोपलेलं असेल तर हुकूम पुन्हा पाठवायला सांगावं लागतं. आईने टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडली, तेवढ्यात लागला.

रिचार्जच्या आधी आणखी एक विचारायला हवं, ते इथे आठवलं. दादाचा जुना पॅक आता अस्तित्वातच नाही. १ फेब्रुवारी २०१९पासून वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आली आणि वाहिन्यांच्या किमतीखेरीज नुसत्या कनेक्शनचं मासिक शुल्कही सुरू झालं. ते आधी १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होतं. २०२४पासून हे शुल्क किती घ्यायचं ते ट्रायने कंपन्यांवर सोडलंय. तेव्हा ‘वाहिन्यांचे किती आणि कनेक्शनचे किती’ असं तोडून विचारा. आणि एचडी घेऊ नका, पिवळ्या पिनेतून एचडी येतच नाही, उगाच पैसे.

कुणाला हे सगळं नकोच असेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे, महिन्याचे पैसे नाहीत. त्यासाठी बॉक्स मात्र वेगळा लागतो, कंपनीचा कुलूपबंद बॉक्स तिथे चालत नाही. जुनी छत्री आणि केबल बहुतेक वेळा चालून जाते, फक्त ती जीसॅट-१५कडे, ९३.५ अंश पूर्वेला वळवायची. नाशिकहून म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय आणि वर साधारण ५७ अंश. छत्री पाहून मात्र ती तेवढी वर बघतेय असं वाटणार नाही, या छत्र्यांची नजर दिसते त्याहून बरीच वर असते. ओटीपी लागत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान काही मिनिटं चित्र फुटलं, तर गच्चीवर पळू नका आणि कस्टमर केअरलाही फोन लावू नका. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो, तो सरकला की चित्र आपोआप येतं.