ऑर्गॅनिक : पहिलं सत्र अवघड की दुसरं?

‘शाळेने तुम्हाला काय दिलं ते लिहा,’ असं स्मरणिका समितीने कळवलं. मैदान, घंटा आणि डबे खायचा ओटा यांवर आमच्या बॅचमधल्या दोघीतिघी तरी लिहिणार याची मला खात्री आहे. म्हणून मी माझ्या धंद्यातल्या एका प्रश्नावर लिहिते. शाळा त्यात मधूनच डोकावेल.

मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात ऑर्गॅनिक केमिस्ट्री, म्हणजे कार्बनी संयुगांचं रसायनशास्त्र, शिकवते. त्याआधी पीएच.डी. करताना याच विषयाची टीए, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालची साहाय्यक शिक्षिका, होते. तिथे हा विषय दोन सत्रांत शिकवतात आणि मुलं त्यांना ‘ऑर्गो वन’ आणि ‘ऑर्गो टू’ म्हणतात. वर्गात डॉक्टर व्हायला निघालेल्यांचा भरणा. मेडिकल स्कूलला ऑर्गॅनिक लागतं म्हणून आलेली, विषयाचं प्रेम वगैरे नाही. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, दोन्हींत अवघड कुठलं? त्यांच्या सीनियर मंडळींनी आधीच घाबरवून ठेवलेलं असतं : वन म्हणजे काहीच नाही, टू आलं की बघ.

माझं मत उलटं आहे. अवघड पहिलं. दुसरं मोठं आहे.

पहिल्या सत्रात कित्येक आठवडे अभिक्रिया अशा फारशा येतच नाहीत. ऑर्बिटल्स (अणूभोवती इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागा), विद्युतभार कुठे साठतो, पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो याचं माप; आकडा लहान तितका सहज), सायक्लोहेक्झेनची चेअर (सहा कार्बनांच्या कड्याचा खुर्चीसारखा आकार), आर आणि एस (कार्बनभोवतीच्या उजव्या-डाव्या मांडणीची नावं). फ्लॅशकार्डं करून जीवशास्त्रात ‘ए’ मिळवलेली हुशार मुलं पहिल्या मिडटर्मला सपाटून आपटतात, कारण इथे पाठ करायला हाताशी काही लागत नाही. कागद सपाट आणि रेणू सपाट नाही, एवढीच अडचण आहे. पण ती मोठी आहे. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप पुदिन्याचा वास देतं आणि त्याचीच आरशातली प्रतिमा कॅरवे या जिऱ्यासारख्या मसाल्याच्या बियांचा. अणू तेच, बंध तेच. फरक फक्त अवकाशातल्या मांडणीचा. तो डोळ्यांसमोर उभा राहिला नाही, तर पुढचे सगळे नियम पोपटपंची होतात.

हे केवळ आजच्या मुलांनाच जड जातं असं नाही. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार कोपऱ्यांकडे जातात हे व्हान्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये मांडलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ल बेल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच म्हटलं. व्हान्ट हॉफने तर पुठ्ठ्याची छोटी चतुष्फलकं करून नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञांना धाडली. त्यावर जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान कोल्बे १८७७ मध्ये केवढा भडकला! व्हान्ट हॉफ तेव्हा उत्रेख्तच्या पशुवैद्यकीय शाळेत नोकरीला होता. तेव्हा या गृहस्थाने तिथूनच पंखांचा घोडा उसना घेऊन भरारी मारलेली दिसते, असं कोल्बेने छापून टाकलं. हा कोल्बे म्हणजे ज्याची अभिक्रिया आपण बारावीला फिनॉलच्या धड्यात घोकतो तोच. एवढा मोठा माणूस, पण रेणूला लांबी-रुंदीबरोबर उंचीही असते हे त्याच्या पचनी पडलं नाही. पुढे १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल व्हान्ट हॉफला मिळालं (वेगळ्या कामासाठी, पण मिळालं). तोवर कोल्बे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आकाराच्या मागोमाग निवड येते. एसएन-वन, एसएन-टू (एका गटाच्या जागी दुसरा येतो), ई-वन, ई-टू (गट निघून जातो आणि दुहेरी बंध तयार होतो) : एकाच सुरुवातीच्या द्रव्याला चार वाटा. २-ब्रोमोब्युटेन ॲसिटोनमध्ये सोडियम आयोडाइडबरोबर ठेवा, आयोडाइड मागच्या बाजूने येतं, ब्रोमाइडला बाहेर काढतं आणि मांडणी उलटते. तेच इथेनॉलमध्ये सोडियम इथॉक्साइडबरोबर तापवा, मुख्यतः दुहेरी बंधाचं अल्कीन मिळतं. कार्बन कितवा (त्याला आणखी किती कार्बन जोडलेले), बेस (प्रोटॉन ओढून घेणारा) केवढा तगडा, द्रावक कुठला, तापमान किती, हे सगळं एकदम तोलायचं. मुलं नियम मागतात. नियम नसतात असं नाही, पण ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि कोण जिंकलं हे तुम्हाला सांगायचं असतं. सत्राच्या मध्यावर माझ्या केबिनबाहेर सर्वांत लांब रांग लागते ती याच धड्याला.

दुसऱ्या सत्राचं ओझं खरं आहे, नाकारत नाही. बेन्झिन आणि त्याची सगळी मंडळी, अल्डिहाइड, कीटोन, एस्टर, अमाइन, शर्करा, शिवाय एनएमआर हे रेणूची रचना ओळखण्याचं तंत्र. नावांची यादी पाहूनच छाती दडपते. पण अल्डॉल, क्लेझन, मायकेल ही अभिक्रियांची नावं बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे फक्त बाण काढा. कार्बोनिलशेजारच्या (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाशेजारच्या) कार्बनवरून एक प्रोटॉन जातो, उरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी दुसऱ्या एखाद्या इलेक्ट्रॉनांच्या भुकेल्या कार्बनवर जाऊन बसते. तो प्रोटॉन का जातो? कार्बोनिल नसलेल्या इथेनचा पीकेए ५० च्या आसपास आणि कार्बोनिल असलेल्या ॲसिटोनचा २० च्या आसपास, म्हणून. हे पीकेए सप्टेंबरात शिकवलेलं असतं. ज्याने ते तेव्हा नीट चघळलं त्याला मार्चमधला हा भाग ओळखीचा वाटतो. जो ‘सी’ मिळवून कसाबसा पुढे सरकला, त्याला प्रत्येक अभिक्रिया सुटी दिसते आणि सुट्या शंभर गोष्टी लक्षात ठेवणं कुणालाही अशक्य. म्हणून ‘टू फार कठीण आहे’ अशी तक्रार आली की मी आधी वनची ग्रेड विचारते.

एका ठिकाणी मात्र मी हार मानते : सिंथेसिस. हवा तो रेणू समोर ठेवून मागे मागे जात तो कशातून बनवता येईल हे शोधायचं. ही उलटी वाट शिस्तीत बसवल्याबद्दल ई. जे. कोरी यांना १९९० चं नोबेल मिळालं. एकोणीस वर्षांच्या मुलाला ती एका सत्रात यावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे. अनेक मेडिकल स्कूल्स आता दुसऱ्या सत्राऐवजी जीवरसायन चालवून घेतात. मुलांना त्याचा आनंद होतो. मला वाईट वाटतं, कारण पहिल्या सत्राची मेहनत वसूल होते ती दुसऱ्यात.

आपल्याकडची मुलं तिथे येतात तेव्हा गंमत होते. सँडमायर, कॅनिझारो, रायमर-टीमान या अभिक्रिया सगळ्या तोंडपाठ. बारावी आणि सीईटीची कृपा. बाण कुठून निघतो विचारलं की सामसूम. म्हणजे दुसऱ्या सत्राचं पाठांतर घेऊन आलेली आणि पहिल्या सत्राचा पाया राहिलेला. ती पहिल्या सत्राला ‘हे तर बेसिक आहे’ म्हणून नाक मुरडतात. मीही त्याच वाणाची. माझा बचाव केला तो शाळेतल्या दोन माणसांनी, आणि त्यांतल्या एकांचा रसायनशास्त्राशी काडीचा संबंध नव्हता.

आमचे चित्रकलेचे सर इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी घनभूमितीचा पेपर घोटून घ्यायचे. तिरका टेकलेला शंकू, एका कडेवर उभा पिरॅमिड. समोरून कसा दिसेल, वरून कसा दिसेल. ‘आधी डोक्यात फिरव, मग पेन्सिल उचल,’ हे त्यांचं पालुपद. परीक्षेच्या ग्रेडपलीकडे त्याचा उपयोग काय, असं तेव्हा घरच्यांनाही वाटायचं. माझे अमेरिकन विद्यार्थी चेअर काढतात ती मोडक्या खाटेसारखी दिसते, कारण समांतर रेषा समांतर ठेवायची सवयच नसते. मला ती पहिल्या दिवसापासून आली.

दुसऱ्या आमच्या विज्ञानाच्या बाई. कार्बनी संयुगांच्या धड्याला त्यांनी शाडूच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या घेऊन मिथेन केलं. टेबलावर कसंही ठेवा, ते तीन पायांवरच उभं राहायचं. नंतर शाडूत रांगोळीचे रंग कालवून चार रंगांच्या गोळ्यांची दोन मॉडेल्स केली, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा, आणि म्हणाल्या, एकावर एक बसवून दाखवा. पूर्ण तास आम्ही झटलो. बसेनात. हे दहावीच्या अभ्यासक्रमात नव्हतं, पेपरात येणार नव्हतं आणि पोर्शन मागे पडल्याबद्दल बाईंना बोलणीही खावी लागली असणार.

महोत्सवानिमित्त शाळेच्या प्रयोगशाळेसाठी रेणूंच्या मॉडेलचे काही संच पाठवले आहेत. काळी गोळी कार्बनची, तिला चार भोकं. मुख्याध्यापकांना एकच विनंती : ते काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका. गोळ्या हरवतील, हरवू देत. कळवलंत तर आणखी पाठवीन.