उपग्रहाला दिसलेला अंधार

ठाण्यातल्या कासारवडवलीला २०१३ साली राहायला आलो, तेव्हा गच्चीवरून येऊरच्या डोंगरावरचं आकाश चांगलं काळं दिसायचं. आता तिकडे ताकासारखा पांढुरका उजेड असतो. आई म्हणाली, "चष्म्याचा नंबर तपासून घे आधी." म्हटलं, मोजूनच बघू.

सुओमी एनपीपी हा उपग्रह २०११पासून फिरतोय. रोज रात्री दीडच्या सुमारास तो आपल्यावरून जातो. त्याने टिपलेल्या उजेडाच्या महिनावार सरासऱ्या एप्रिल २०१२पासून फुकट मिळतात. पण ठाण्यापुरत्या नाही. अर्ध्या आशियाची फाइल उतरवायची आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपला तुकडा कापायचा. त्या चित्रातला एक चौकोन साधारण अर्ध्या किलोमीटरचा. म्हणजे आमची सोसायटी, शेजारचा मॉल आणि घोडबंदर रोडचा तुकडा, सगळं मिळून एकच आकडा.

पहिला आलेख काढला तर दर जुलै-ऑगस्टला घोडबंदर रोड गायब! सरळ शून्य. फाइल बिघडली असणार म्हणून ती पुन्हा उतरवली, दोन रविवार त्यात घालवले. मग कळलं, प्रत्येक फाइलला एक जोडफाइल असते: त्या महिन्यात ढगांविना किती रात्री मिळाल्या. जुलैत एकही नाही. ठाण्यात जन्म काढलेल्या माणसाला हे सुचू नये! पावसाळा काढून टाकला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तेवढे ठेवले.

आता आलेख शहाण्यासारखा वागायला लागला. गायमुखच्या बाजूचे चौकोन वर्षागणिक चढत गेलेले. आमचा मात्र मध्येच खाली आला होता, नेमका आमच्या रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले तेव्हा. उपग्रहावरच्या कॅमेऱ्याला सुमारे ५०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो. एलईडीतला निळा भाग त्याच्या नजरेतून सुटतो, आणि हवेत जास्त विखुरतो तो नेमका निळाच. लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या, मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या नोंदींवरून २०११ ते २०२२मध्ये आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्के उजळत गेल्याचं निघालं. उपग्रहाच्या आकड्यांत वाढ त्याहून बरीच कमी दिसते.

म्हणून तक्त्यात एक रकाना वाढवला: कृत्तिकेतले किती तारे दिसतात. आईला लहानपणी कोकणात सहा दिसायचे. या जानेवारीत गच्चीवर पंधरा मिनिटं डोळे सरावू दिल्यावर मला तीन दिसले. आई म्हणाली, "मला एकच पुसट ठिपका दिसतोय, तो लिही."

लिहिला.