बाकड्याला साग, ओट्याला अंजन

शिरपूरला घर बांधून झालं, तेव्हा मागच्या अंगणातली दोन कामं राहिली होती. निंबाखाली एक बाकडं आणि पत्र्याच्या पडवीत चुलीशेजारी ओटा. भरीत ठेचायची बडगी घरातल्या ग्रॅनाइटवर आदळायला बायकोची सक्त मनाई, म्हणून हा ओटा लाकडाचाच हवा होता. कोणतं लाकूड, हा प्रश्नच मला पडला नव्हता. उन्हापावसात राहायचं म्हणजे साग, दुसरं काय?

पहिल्या खेपेला वखारीतून सागाच्या म्हणून फळ्या आणल्या आणि हात बसावा म्हणून दारापुढे एक पायरीवजा चौरंग केला. एकच पावसाळा काढला त्याने. दिवाळीच्या साफसफाईत उचलला तर कडा बोटाने दाबताच पापडासारखी मोडली, आत नुसती माती. गंमत अशी की कडेपासून अर्ध्या इंचावर, जिथे पिवळट लाकूड संपून तपकिरी सुरू होतं, तिथेच वाळवी अगदी रेघ मारल्यासारखी थांबलेली. तपकिरी भाग ठणठणीत होता.

मिस्तरींना दाखवला तर ते हसलेच. सागाचं जे काही नाव आहे ते गाभ्याचं. बाहेरचं फिकट लाकूड म्हणजे पांढरी, ती वाळवीला आंब्याच्या फळीइतकीच गोड. लागवडीचा कोवळा साग कापला की त्यात पांढरीच जास्त निघते. वखारीत भाव सांगताना बर्मा, बल्लारशा, आफ्रिकन अशी नावं कानावर येतात, पण नावापेक्षा फळीचं टोक बघायचं.

मधल्या काळात एका नातेवाइकाने बांधावरचा साग फुकट देऊ केला. पण साग मालकीचा असला तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतो. तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक पास, आणि एवढं करून हातात ओलं लाकूड. ते वाळेपर्यंत थांबायचं. हात जोडले.

मग शिंदखेडा तालुक्यातल्या मेव्हण्यांचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडायला निघालं. त्यातली एक तुळई मिस्तरींनी तासून पाहिली. आत काळपट लाल रंग. ढलपी पाण्याच्या बादलीत टाकली तर सरळ तळाला गेली. ‘‘भाऊ, हाई लाकूड नही, लोखंड शे,’’ मिस्तरी म्हणाले. अंजन! सातपुड्याच्या पायथ्याशी हे झाड आम्ही लहानपणापासून बघतो. पाला ढोरांना, सालीचे दोर. त्याचं लाकूड पाण्यापेक्षा जड असतं, हे मात्र तेव्हा कळलं.

मला आता बाकडंही अंजनचंच हवं झालं. मिस्तरींनी साफ नकार दिला. ते उचलायला चार माणसं लागतील, आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्यावर ठेवलं तर चिरेल. साग ऊन-पावसात फार फुगत-आकसत नाही, अंगचं तेल असतं, म्हणून उघड्यावर तोच. कठीण आणि टिकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

बाकड्यासाठी पाच फुटी, चार इंच रुंद, दीड इंच जाड अशा सात पट्ट्या, सगळ्या गाभ्याच्या, एकेक टोक बघून निवडल्या. हिशेब सोपा असतो: फूट गुणिले इंच गुणिले इंच, भागिले 144. म्हणजे साधारण दीड घनफूट. पैसे दीड इंचाचे जातात आणि रंधा मारल्यावर हातात सव्वा इंच उरतो, हे आधीच धरून चालावं. पट्ट्यांत करंगळी जाईल एवढी फट, स्टीलचे स्क्रू, आणि पायांखाली शहाबादीचे तुकडे, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाने. पॉलिश केलं नाही. वर्षभरात बाकडं राखाडी झालं. बायकोला ते जुनाट वाटतं, मला आवडतं.

अंजनने मात्र घाम काढला. तुळईतला एक मोडका खिळा चुकला आणि मिलवाल्याचं पातं गेलं. ते भरून द्यावं लागलं. स्क्रूची भोकं मिस्तरींनी लांबट पाडली, फळी सरकायला जागा हवी म्हणून. आई म्हणाली शेंगदाण्याचं तेल चोळा. चोळलं असतं तर चिकट होऊन खवट वास मारला असता, ते तेल वाळतच नाही. जवसाचं वाळतं. त्याचे पातळ तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर चार-पाच दिवस थांबून.

पहिल्याच भरीत पार्टीत कोणीतरी ओला लोखंडी तवा ओट्यावर ठेवून विसरलं. सकाळी तिथे शाईसारखं काळं कडं. लाकडातलं टॅनिन आणि ओलं लोखंड मिळून हे होतं. लिंबाची फोड घासत बसलो, तेव्हा निम्मंअर्धं गेलं. उरलेल्यावर आता बडगी ठेवतो.