कूलर किती वर्षं जाईल, ते बोअरचं पाणी ठरवतं

जस्ती पत्र्याचा कूलर नीट सांभाळला तर दहा वर्षं जायला हरकत नाही. तोच बोअरच्या पाण्यावर चालवला आणि अख्ख्या उन्हाळ्यात टाकी एकदाही रिकामी केली नाही, तर चार-पाच वर्षांत बुड गळायला लागतं. लोक पत्र्याला नावं ठेवतात, पण खरं काम क्षारांनी केलेलं असतं.

हिशोब साधा आहे. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. १००० टीडीएसच्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार. ६० लिटरची टाकी मे महिन्यात दिवसाला दोनदा भरली तर १२० ग्रॅम. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. आठवड्यात पाऊण किलोच्या वर! म्हणून नुसतं वरून पाणी भरत राहू नका. दर दोन-तीन दिवसांनी बुडाचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्या. पाणीटंचाईत ते जिवावर येतं, हे खरंय. बादलीत धरा आणि फरशी पुसायला किंवा संडासात वापरा. झाडांना मात्र घालू नका.

कूलरचं गवत, म्हणजे लाकडाचा कीस, एका उन्हाळ्यापुरतंच. हनीकोंब पॅड दोन-तीन उन्हाळे जातात. पॅडवर पांढरा थर धरला की हवा अडते, मोटारीवर ताण येतो आणि गारवाही जातो.

सगळ्यात आधी जातो तो पंप. क्षाराने आतला छोटा पंखा अडकतो, पंप नुसता गुणगुणतो, पाणी चढत नाही. तसाच चालू ठेवला तर कॉइल जळते. गुणगुण ऐकू आली की प्लग काढा, पंपाचं पुढचं झाकण उघडा आणि पंखा एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून त्यात तासभर भिजवा. हे पाणी पत्र्याच्या टाकीत मात्र ओतू नका, जस्ताचा थर निघून जातो. टाकीत पाणी नसताना पंप चालवला तरी जळतोच, कारण त्याला थंड ठेवतं ते पाणीच.

कूलरचा मोठा पंखा हाताने ढकलल्यावरच फिरत असेल तर लगेच मोटार बदलू नका. बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. जुन्यावर जितके एमएफडी (मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप) लिहिलेत तितक्याचाच नवा बसवा.

आणि अर्थिंग. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय. दर उन्हाळ्यात यात माणसं जातात. तीन पिनांचा प्लग, तपासलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.

गिझरचंही हेच. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही. आपल्याकडच्या पाण्यात तो वर्ष-दोन वर्षांत संपतो. दिवाळीच्या आधी काढून बघा. आतली तार दिसत असेल तर बदला. टाकी एकदा गळली की दुरुस्ती नाही. पाणी तापताना तडतड आवाज येतो तो हीटरवर धरलेल्या थराचा. तापमान ५०-५५ अंशांवर ठेवलं तर थर सावकाश धरतो.

एसीला पाण्यापेक्षा धूळ आणि व्होल्टेज मारतं. दहा-बारा वर्षं धरून चाला, फिल्टर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवा. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. गॅस वापराने संपत नाही. आधी गळती शोधायला लावा, मगच गॅसचे पैसे द्या.