दोष मीडियमचा की घराण्याचा?

कॅलसमधून, म्हणजे बाटलीत वाढवलेल्या वनस्पतीपेशींच्या गोळ्यातून, कोंब येत नाहीत म्हटलं की आमच्या लॅबमध्ये पहिला संशय मीडियमवर, पेशी ज्यावर वाढतात त्या पोषक माध्यमावर. सायटोकायनिन हे संप्रेरक वाढव, ऑक्सिन हे दुसरं कमी कर, साखर बदल, अंधारात ठेवून बघ. समोर दोन वाण असतात, एकाच दिवशी ओतलेल्या मीडियमवर, एकाच हाताने लावलेले. एकावर हिरवे ठिपके, दुसरा तपकिरी पडलेला. तरी चर्चा मीडियमचीच! मी म्हणते, आधी वाणाची वंशावळ काढा.

लसूणघासात हे १९७५ मध्येच दिसलं होतं. बिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी कॅलसमधून रोपं देणारी झाडं निवडून त्यांचा आपसात संकर केला. निवडीच्या दोनच फेऱ्यांत अशा झाडांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलं. पुढे द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) लसूणघासात या गुणामागे दोन प्रभावी (एकच प्रत असली तरी गुण दाखवणारी) जनुकं असल्याचं मांडलं गेलं. टोमॅटोत तर हा गुण रानटी नातेवाइकाकडून संकराने लागवडीच्या टोमॅटोत आणला गेला.

माझा लाडका किस्सा मात्र भाताचा. जपानचा नावाजलेला कोशिहिकारी वाण कल्चरमध्ये (बाटलीतल्या वाढीत) हटवादी, आणि कासालाथ हा वाण मात्र सहज रोपं देणारा. दोघांच्या संकराच्या संततीत शोध घेत २००५ मध्ये जपानी संशोधक पहिल्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापाशी पोहोचले. मला वाटलं होतं, संप्रेरकांशी संबंधित काहीतरी निघेल. निघालं नायट्राइट रिडक्टेज या विकराचं (एन्झाइमचं) जनुक! मीडियममधल्या नायट्रेटचं नायट्राइट होतं, त्याचं पुढे अमोनियम व्हायला हवं. कोशिहिकारीत हे विकर कमी पडतं, नायट्राइट साचतं आणि पेशींना बाधतं. कासालाथचं जनुक घातल्यावर कोशिहिकारीच्या कॅलसमधूनही रोपं आली. म्हणजे मीडियमला दोष देणारे अगदीच चुकीचे नव्हते म्हणा. पण तेच मीडियम कासालाथला पचत होतं.

मक्यात ए१८८ हा वाण हुशार, तर बी७३ हा उत्तम पैदास वाण कल्चरमध्ये ढिम्म. यात नवल नाही. पैदासकाराने निवड केली ती शेतातल्या कामगिरीवर. बाटलीत कोंब फुटतात का, हे त्याने कशाला पाहावं? या दोघांच्या संकरातून हाय-टू नावाचा मका तयार झाला आणि जनुक घालण्याचं बरंच काम त्यावर झालं. पण हाय-टूमध्ये घातलेलं जनुक चांगल्या वाणात न्यायचं तर पुन्हा पिढ्यान् पिढ्या प्रतिसंकर (त्याच चांगल्या वाणाशी परत परत संकर) करत बसा. म्हणून नवा वाण हाती आला की मी त्याचा चांगल्या पुनर्जननाच्या (कॅलसमधून सहज रोपं देणाऱ्या) वाणाशी संकर लगेच लावून ठेवते. मीडियमचे प्रयोग चालू राहतातच, तोवर पहिली पिढी हाताशी येते.